हिरव्या गाडीवरची पाच पायांची शेळी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको. भूत, करणी, बाहेरचं — यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आमच्या गावाकडं, सेनगाव तालुक्यात, तिठ्यावर कोणीतरी उतारा म्हणून ठेवलेलं लिंबू मी उचलून घरी आणलं होतं आणि त्याचं सरबत करून प्यालो होतो. चांगलं रसाचं लिंबू होतं. आई आठ दिवस माझ्याकडं बघत होती, की आता याला काय होतंय... काही झालं नाही. सर्दी झाली, पण ती मला तशीही होते. रंगकाम करणाऱ्याच्या नाकात थिनर जातोच.

त्यामुळं या सदरात लोक लिहितात ना — रस्त्यात बाई दिसली, पैंजण वाजले — ते वाचून मी बायकोला म्हणायचो, या लोकांना काही कामधंदा नाही. आता मीच लिहायला बसलोय आणि बायको समोर बसून हसून राहिली. हसू दे. ती तिथं होती, तिनंही डोळ्यांनी बघितलंय, आणि झालं काय ते तिलाही आजपर्यंत सांगता आलेलं नाही. आणखी एक — माझ्या गोष्टीत रात्र-बित्र काही नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. मी दहावी नापास आहे, म्हणून शुद्धलेखन भाचीनं तपासलंय, पण बोलणं सगळं माझंच.

मी मधुकर. कळमनुरीत नांदेड रोडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. बोर्डावर लिहिलेलं, ‘मधू पेंटर’. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीतच मोडायचो. जीप, ट्रॅक्टर, काळीपिवळी, टेम्पो... जे येईल ते रंगवून द्यायचो. फुशारकी मारत नाही, पण हिंगोलीपासून वसमतपर्यंत माझ्यासारखा रंगाचा शेड कोणी जुळवत नव्हतं. गाडीचा एक पत्रा बदलला तर नवा कुठला आणि जुना कुठला हे मालकालाही कळू नये, अशी माझी जिद्द. आणि जुना, मळका, टवके उडालेला रंग बघितला की मला राहवायचं नाही. लग्नाला गेलो तरी नवरदेवाच्या गाडीचा मडगार्ड बघत बसायचो.

शहाण्णव सालची गोष्ट. एका सकाळी खंदारे साहेब गॅरेजवर आले. साहेब म्हणजे रिटायर्ड इंजिनीयर, धरणाच्या खात्यात सगळी नोकरी झालेली. काटक माणूस, पांढरा शर्ट, बोलणं मोजकं. त्यांच्या घरी एक जुनी गाडी आहे असं गावात सगळ्यांना माहीत होतं, पण बघितलेली फार जणांनी नव्हती. शेजाऱ्याचा बैल त्यांच्या शेडमध्ये घुसला आणि त्यानं गाडीच्या मागच्या मडगार्डला शिंग मारलं, म्हणून ते आले होते.

मी गेलो बघायला. आणि खरं सांगतो, शेडचं दार उघडल्यावर मी बैलानं मारलेली जागा बघायचंच विसरलो. विलायती गाडी, दोनच सीटं, वरून उघडी, नाक लांब. धावण्यासाठीच बनवलेली. कंपनीचं नाव सांगत नाही, पण रंग सांगतो — गर्द हिरवा, भिजलेल्या कडुलिंबाच्या पानासारखा. फक्त चमक गेलेली, कडांना लालसर प्रायमर दिसत होता, बॉनेटवर बारीक बारीक चिरा. मी मनातल्या मनात काम सुरूपण केलं. म्हणालो, साहेब, आठ दिवस द्या, नवरी करून देतो.

साहेब म्हणाले, पोचा काढायचा. रंग द्यायचा नाही.

मी म्हणालो, मग माझ्याकडं काहून आलात? लोहाराकडं जायचं. साहेब हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मला बॉनेट उघडून आतली बाजू दाखवली, तिथं ऊन कधी लागलं नव्हतं, तिथला हिरवा बघायला मी डोकंच आत घातलं. मग म्हणाले, हा कंपनीतून आलेला रंग आहे. चाळीस वर्षं झाली, याच्यावर दुसरा हात पडलेला नाही. चुकून जरी फासला तर तो खालचा पुन्हा कोणाला आणता येणार नाही. मी म्हणालो, मी याच्याहून भारी आणून देतो. साहेब म्हणाले, भारी नको, हाच पाहिजे.

दोन दिवस लागले मला. आतून लाकडी हातोडीनं, फडकं गुंडाळून, टक टक टक करत मी तो पोचा असा काढला की रंगाचा एक टवका उडाला नाही. साहेबांनी बोटानं चाचपून बघितलं आणि नुसती मान हलवली. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडं जायला लागलो. काय जादू होती माहीत नाही, रंग न लावण्याचं काम मी मोफत करायला जायचो.

त्यांचे नियम ऐका. बोअरचं पाणी नाही, त्यात क्षार असतात. पावसाचं साठवलेलं पाणी, तेही फडक्यातून गाळून. साबण नाही. पुसायला काकूंचं जुनं सुती लुगडं, आणि ते किती जुनं पाहिजे तर दहा वर्षं नेसलेलं. काकू म्हणजे साहेबांच्या मिसेस, कौसल्याबाई. त्या म्हणायच्या, माझं लुगडं फाटायची वाट माझ्यापेक्षा ती गाडी जास्त बघते. कबुतरानं घाण केली तर खरवडायची नाही, ओला बोळा ठेवून बसायचं, आपोआप सुटेपर्यंत. वर्षातून एकदा मेण, तेपण आधी खालच्या बाजूला लावून बघायचं. शेजारी हळद शिजवून वाळवायला लागले की शेडच्या फटी गोणपाटानं बुजवायच्या. आणि गावातले सल्लागार होतेच. एकजण सांगायचा करडीचं तेल चोळा, दुसरा म्हणायचा दही. एका हुशार माणसानं तर रॉकेल सांगितलं. साहेब सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि दाराला कुलूप लावायचे.

मी एकदा गुपचूप रबिंगचा डबा घेऊन गेलो होतो. म्हटलं जरा घासू, एका कोपऱ्यात, चमक बघून साहेब खूश होतील. साहेबांनी डबा हातातून काढून घेतला. म्हणाले, मधू, ही चमक रंग खाऊन येते. मी सहा दिवस फुगून बसलो. सातव्या दिवशी रविवार होता, गेलो परत.

पण एक गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. तो हिरवा माझ्या डोक्यातून जात नव्हता. घरी मी चार डब्यांतून थोडा थोडा घेऊन तो शेड जुळवायला बसायचो. हिरवा, काळा, पिवळा, चिमूटभर तपकिरी. पत्र्याच्या पट्टीवर मारायचा, पट्टी खिशात घालून रविवारी न्यायची, साहेब पाणी आणायला गेले की गाडीला लावून बघायची. जरा निळसर. पुढच्या रविवारी जरा काळपट. असं किती वर्षं, तर सहा. सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणायची, लोक सवत आणतात, तुमी हिरवा रंग आणला. शेवटी एकदा पट्टी लावली आणि पट्टी दिसेनाशीच झाली. तो रंग मी एका बाटलीत भरून कपाटात ठेवला. करायचं काय त्याचं, काही नाही. पण माणसाला वाटतं ना, आपल्याला येतंय हे त्या माणसानं एकदा बघावं... एवढंच माझं म्हणणं होतं.

आता मुख्य गोष्ट. दोन हजार तीन सालचा फेब्रुवारी. साहेब म्हणाले, मधू, गाडी चालली. मूळ मालकाची मुलगी हैदराबादहून येऊन राहिली, ती घेऊन जाणार. मी म्हणालो, विकली? म्हणाले, विकायला माझी आहे का? परत करतोय. जशी दिली होती तशी.

एवढंच बोलले. साहेब असे, आतलं काही सांगायचे नाहीत. मी सात वर्षं त्यांच्या शेजारी बसून ती गाडी पुसली, पण ती कोणाची, कशी आली, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ते नांदेडला पाहुणीला आणायला गेले. जाताना मला सांगून गेले — गाडी बाहेर काढून ठेव, चाकात हवा भर, कोरडं फडकं मार. बाकी हात लावू नको.

बाकी हात लावू नको. हे वाक्य मला आजही ऐकू येतं.

चार शेजारी बोलावून आम्ही गाडी ढकलत अंगणात आणली. इंजिन तर बंदच होतं, पार्ट मिळत नव्हते. आणि तेव्हा मी पहिल्यांदा गाडीची डावी बाजू बघितली. हो, सात वर्षांत पहिल्यांदा. शेड अरुंद, गाडी डावीकडं भिंतीला लागून उभी. मधे वीतभर जागा. साहेब काटक, ते आडवे होऊन तिकडं शिरायचे आणि ती बाजू स्वतःच पुसायचे. माझं पोट तुम्ही बघितलेलं नाही म्हणून सांगतो, तिथं माझा फक्त हात गेला असता.

डाव्या दारावर ओरखडे होते. असे तसे नाही, चांगले खोल, खिळ्यानं ओढल्यासारखे, वेडेवाकडे, दीड वीत जागेत. आणि त्या चिरांमधे गंज. मला वाटलं, कोणाच्या तरी कारट्यानं कधीतरी केलंय, आणि साहेबांना अरुंद जागेत नीट दिसलंच नसेल. बिचारे, चष्मा जाड.

मी ओसरीवर बसून त्याच्याकडं बघत राहिलो. आणि माझ्या मनात जे आलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो. गाडी आज या घरातून चालली. आपल्याकडं लेक सासरी पाठवताना फाटकं नेसवून पाठवतात का? पायात पैंजण, ओटीत तांदूळ-खोबरं, डोक्यावर पदर, असं सगळं नीट करून पाठवतात. ही चाळीस वर्षं या माणसाकडं राहिली आणि जाताना दाराला गंज घेऊन जाणार? हैदराबादची पाहुणी म्हणेल, बघा, कसं सांभाळलं. साहेबांची मान खाली जाईल. आणि माझ्या कपाटात ती बाटली आहे, सहा वर्षांची. तेवढाच दीड वीत तुकडा. साहेबांना कळणारपण नाही. आणि कळलं तर... कळलं तर म्हणतील, मधू, हे तू केलं?

मी हातगाडीवर रंग फवारायचा कंप्रेसर घेऊन आलो.

काम काय सांगू. नऊला सुरू केलं. पाणीपेपरनं तो भाग घासला, गंज जाईपर्यंत, पार पत्रा दिसेपर्यंत. बादलीतलं पाणी हिरवं झालं. हे लक्षात ठेवा, जुना रंग त्या बादलीत गेला, मी स्वतः बघितला. मग प्रायमर, मग पुट्टी, मग परत पेपर, मग सरफेसर, म्हणजे रंगाखालचा गुळगुळीत थर. वर्तमानपत्र आणि टेप लावून बाजू झाकल्या. मग माझा हिरवा, पातळ तीन हात. या जातीचा रंग वाऱ्यानंच वाळतो, आणि त्या दिवशी ऊनही बरं होतं. एक वाजता कागद काढला. काय जुळला होता म्हणून सांगू! मी स्वतः दोनदा शोधला, सापडला नाही. सुमन डबा घेऊन आली तिला म्हणालो, सांग कुठं काम केलंय. ती उजव्या दाराकडं बघत बसली. आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं.

मग काकू चहा घेऊन बाहेर आल्या. गाडीला चक्कर मारून डाव्या बाजूला आल्या आणि थांबल्या. कपबशी खाली ठेवली आणि स्वतःही पायरीवर बसल्या.

“मधू,” त्या म्हणाल्या, “शेळी कुठं गेली?”

मी इकडं तिकडं बघितलं. मला वाटलं त्यांची शेळी सुटली. मी म्हणालो, काकू, तुमी शेळी कधी पाळली? त्यांनी दाराकडं बोट केलं. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून ऐकलं.

साहेब नोकरीला लागले तेव्हा धरणाच्या कॅम्पात त्यांना चहाचा कप वेगळा होता. मातीचा, खिडकीत पालथा घातलेला. पिऊन झाला की स्वतः धुवून परत तिथंच ठेवायचा. कप वेगळा ठेवणारे आमचेच लोक होते, शेतकऱ्यांच्या घरचे, माझ्या घरच्यांसारखे. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. तिथं मोठे साहेब होते हैदराबादचे, मुसलमान इंजिनीयर. त्यांनी एक दिवस तो कप बघितला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळा कॅम्प बाहेर बसलेला असताना, त्यांनी ही हिरवी गाडी आणली, डावं दार स्वतः उघडलं, पोरसवदा खंदाऱ्याला शेजारी बसवलं, आणि सगळ्या कॅम्पाला हळूहळू दोन चकरा मारल्या. मग घरी नेऊन आपल्या ताटाशेजारी ताट मांडलं. असं रोज. त्यांची मुलगी सहा वर्षांची, नसरीन. खंदारे तिला अंगणात चित्रं काढून दाखवायचे. एक दिवस तिनं खिळा घेतला आणि ज्या दारानं खंदारे अंकल बसतात त्याच दारावर शेळी काढली. पाच पायांची. मोठे साहेब रागावले नाहीत. पुढं दोनेक वर्षांतच त्यांची नजर गेली, गाडी चालवता येईना, तेव्हा त्यांनी गाडी खंदाऱ्यांच्या हवाली केली आणि सांगितलं, रंग बदलू नको, लेक ओळखणार नाही.

काकू म्हणाल्या, “त्यायनं शब्द दिला होता. रोज सकाळी आधी त्या शेळीवरून हात फिरवतात, मग चहा घेतात.”

साहेबांचा चाळीस वर्षांचा शब्द मी चार तासांत घासून बादलीत टाकला होता, आणि वर तीन हात मारले होते. सुमन म्हणाली, थिनरनं पुसून काढा. मी ओरडलो तिच्यावर, की थिनर लावला तर जुनापण विरघळतो, आणि खाली आहे काय आता? खाली पत्रा आहे. शेळी बादलीत आहे.

मग आम्ही तिघांनी जो प्रकार केला त्याला तोड नाही. सुमन म्हणाली, खिळ्यानं नवी काढा. मी म्हणालो, मला शेळी येत नाही. ती म्हणाली, लहानपणी राखल्या ना? राखणं वेगळं, काढणं वेगळं. मी जमिनीवर काडीनं काढून बघितली. काकू म्हणाल्या, हे डुक्कर आहे. दुसरी काढली, काकू म्हणाल्या, तोंड तिकडं नाही, इकडं. पाचवा पाय कुठं होता, पुढं की मागं? काकू म्हणाल्या मधे, जरा आखूड. अंगणात मी अकरा शेळ्या काढल्या, एकीलाही शेळी म्हणावं असं नव्हतं. शेवटी खिळा हातात घेऊन दाराजवळ गेलो, आणि हात उचलेना. आता आणखी खोटं करायचं? मी खिळा फेकला. म्हटलं, साहेब आले की पाय धरायचे आणि सांगायचं. काकूंनी गाडीवर कव्हर घातलं — तेपण त्यांच्याच चार लुगड्यांचं शिवलेलं — आणि आम्ही तिघं समोर पायरीवर बसून राहिलो. तीन वाजले असतील. कव्हर घातल्यापासून आमच्यातलं कोणी उठलं नाही, गाडीजवळ कोणी आलं नाही. हे मी शपथेवर सांगतो.

चारच्या सुमाराला जीप आली. साहेब उतरले, मागून नसरीनबाई. पंचेचाळीस-सत्तेचाळीसच्या, केस अर्धे पिकलेले, डोळे साहेबांच्या घराकडं नाही, आधी कव्हरकडं. मी पुढं झालो. हात जोडले. म्हणालो, ताई, साहेब, माझ्या हातून एक... तोपर्यंत साहेबांनी कव्हर ओढलं होतं.

मी डोळे मिटून घेतले.

आणि हसण्याचा आवाज आला. लहान मुलीसारखा. डोळे उघडले तर नसरीनबाई गुडघ्यावर बसलेल्या, तळहात दारावर ठेवलेला.

“खंदारे अंकल,” त्या म्हणत होत्या, “मेरी बकरी.”

शेळी होती. तिथंच. वेडीवाकडी, गंजलेली, तोंड इकडं. भोवती जुना मळका हिरवा, बारीक चिरांसकट. मी काकूंकडं बघितलं, काकूंनी तोंडाला पदर लावला होता. सुमन माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतली ती खूण मला दोन दिवस होती. साहेब म्हणाले, पाच पाय आहेत बघ अजून, मी रोज मोजतो. तर नसरीनबाई म्हणाल्या, वो पाँचवाँ पैर नहीं है अंकल, वो दूध का है. साहेब वाकून परत मोजायला लागले. चाळीस वर्षं ते आचळाला पाय समजून पुसत होते. मग साहेबपण हसले. हसता हसता चष्मा काढला आणि रडले. सात वर्षांत मी त्यांना यातलं काहीच करताना बघितलं नव्हतं.

जीप बघून जमलेले शेजारी पांगल्यावर मी दारावरून बोट फिरवलं. पुट्टीची कड नाही, टेपची रेघ नाही. मला वाटलं मी खुळा झालो, दुसऱ्याच बाजूला काम केलं. उजवं दार बघितलं, तेपण जुनंच. मग बादली बघितली. पाणी हिरवं होतं. पुट्टीचा डबा रिकामा होता. वर्तमानपत्राच्या कडेला माझा रंग होता, माझ्या नखांत होता, आणि सहा वर्षांची बाटली अर्धी झाली होती. अंगणात अकरा शेळ्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला आणि गाडी गेली. सुमननं जायच्या आधी सीटवर तांदूळ-खोबरं ठेवलं, नसरीनबाईंनी ते ओढणीत बांधून घेतलं. ट्रक वळेपर्यंत साहेब रस्त्यावर उभे होते. मग मी त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, वेड लागलं का. ते म्हणाले, मधू, काल कव्हर ओढलं तेव्हा मला थिनरचा वास आला होता. मी समजलो होतो. पण समोर शेळी होती, मग काय बोलणार.

आम्ही शेड झाडायला आत गेलो. गाडी जाऊन मोकळी झालेली जागा, आणि डावीकडची भिंत, जिच्यापर्यंत माझं पोट कधी गेलं नव्हतं. चुना मारलेली खडबडीत भिंत. आणि तिच्यावर, बरोबर दाराच्या उंचीवर, दीड वीत लांबीचा, एक हिरवा चट्टा.

मी हात लावला. खाली माझी पुट्टी, वर माझा सरफेसर, वर माझा हिरवा, तीन हात. टेपची रेघ सरळ. भिंत सगळी ओबडधोबड, आणि तेवढा तुकडा काचेसारखा, त्यात माझं तोंड दिसत होतं. कंप्रेसर शेडमधे गेला नव्हता. मी गेलो नव्हतो. आणि फिनिशिंग, सांगायला नको, पण एकदम फस्ट क्लास.

साहेबांनी चष्मा वर केला, वाकले, बोटांची मागची बाजू त्याच्यावरून फिरवली. मग खिशातून काकूंच्या लुगड्याचं फडकं काढलं आणि हलक्या हातानं पुसलं.

“रंग बराबर जुळला होता, मधू,” ते म्हणाले.

मी शेडच्या बाहेर येऊन रडलो. बायको म्हणते मोठ्यानं रडलो, तिचं ऐकू नका.

साहेब पुढं सहा वर्षं होते. गाडी नव्हती तरी दर रविवारी मी जायचो, आणि आम्ही दोघं तो चट्टा पुसायचो. गाळलेलं पावसाचं पाणी, साबण नाही, वर्षातून एकदा मेण. आता साहेब नाहीत. काकू आहेत. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आधी त्यांच्या घराला चुना मारायला मी स्वतः जातो, आणि त्या ओसरीतून मला बजावतात, तेवढं सोडून मार. जसं काही मला सांगावं लागतं.

हे कसं झालं, मला माहीत नाही. नांदेडच्या एका प्रोफेसरनं सांगितलं की उन्हामुळं भास होतो. मी त्याला भिंतीजवळ नेलं. त्यानं चहा घेतला आणि गेला. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर कळवा, मी ऐकून घेईन. बघायला यायचं असेल तरी या, काकू चहा करतात. फक्त नखानं खरवडून बघायचं नाही, आणि बोअरचं पाणी चालणार नाही. एकदाच लागलाय तो, ओरिजिनल आहे.